ढाबळीतला दिवा

गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या अंगावर शिवणकाकूंच्या हातचे कपडे असत आणि उरलेल्यांचे त्यांच्याकडे उसवून पडलेले असत. काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा पुलांना रंग द्यायच्या कामावर, त्यामुळे वर्षातले कितीतरी महिने बाहेरगावी. घरी असला की तो गच्चीवर सापडायचा, कारण तिथे त्याची कबुतरांची ढाबळ होती. घरात सवत एक असते, मला वीस मिळाल्या, असं काकू शेजारणींना ऐकवत. पण तो कामावर गेला की पाखरांचं दाणापाणी मुकाट्याने त्याच करत.

मग एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

काकू चारचौघांत रडल्या नाहीत. भेटायला आलेल्यांनाच चहा करून देत राहिल्या. मात्र खालच्या खोलीत त्यांचा पाय ठरेना. तिथे त्याची खाट होती, खुंटीवर रंगाचे डाग पडलेला शर्ट होता. शेवटी दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी शिलाई मशीन वर नेलं, ढाबळीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. मधे नुसती जाळी. अंधार पडू लागला की मोठा दिवा लावायचा, मशीन चालवायचं आणि जाळीपलीकडची घूं-घूं ऐकत राहायचं. अंथरूणही त्यांनी तिथेच टाकलं.

आता कबुतराचं असं आहे, की त्याला आवरणारं कुणी नसेल तर ते मोडून पडेपर्यंत संसार करतं. पिल्लांना धड पिसं फुटलेली नसतात आणि मादी शेजारच्या घरट्यात पुन्हा अंड्यांवर बसलेली असते. म्हणून दिवस लहान होऊ लागले की जाणता माणूस नर एका बाजूला आणि माद्या दुसऱ्या बाजूला करतो, हरभरा-वाटाणा कमी करून साधं धान्य देतो आणि जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत त्यांना निवांत ठेवतो. काकूंचा नवरा दर थंडीत हे न चुकता करायचा. काकूंनी ते वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

काकूंचा धाकटा दीर न्हावी होता आणि त्याच्याकडेही चार-दोन जोड्या होत्या. हवेत गारवा आला तसा तो ढाबळीच्या मधे लावायची फळी घेऊन वर आला. म्हणाला, वहिनी, आता यांना वेगळं करायला हवं.

काकूंनी मशीन थांबवलं. "या घरात एक ताटातूट झाली, भाऊजी. तेवढी पुरे."

तो फळी भिंतीला टेकवून खाली उतरला. खरं तर त्याने तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. पण दिवसभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरणारा हा माणूस जिभेने अगदीच मऊ.

आणि काकूंनी लाडांची हद्द केली. हरभरा वाढवला, वाटाणा भिजवून घातला. पाखरं घुमत होती, अंडी घालत होती, ढाबळ कशी भरल्या घरासारखी वाटत होती. नवऱ्याची लाडकी करडी आणि तिचा ठिपक्या यांनी तर विणीमागून वीण काढली. काकूंचा जीव त्यात रमला, हे मी नाकारत नाही. पण डोळे उघडे असून त्यांनी पाहिलं नाही. अंड्यांची कवचं पातळ होत गेली, पिल्लं किडकिडीत निघू लागली, आणि थंडी अर्धी सरली तरी एकाही पाखराने धड पिसं टाकली नव्हती.

एका संध्याकाळी करडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली ती उठेचना. काकूंनी तिला उचललं तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. त्यांनी घाबरून दिराला बोलावलं. अंडं अडकलंय, म्हणत त्याने तिला ओंजळीत धरलं, गरम पाण्याच्या पिशवीवर फडकं घालून शेकलं. बऱ्याच वेळाने अंडं पडलं. त्याला कवचच नव्हतं, नुसती पातळ कातडी. करडी मान टाकून पडली होती, पण श्वास चालू होता.

दिराने वर दिव्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"वहिनी, हा रोज जळतो?"

काकूंनी मान डोलावली.

"मग यांना दिवस मावळलेला कळणार कसा? यांना वाटतंय अजून उन्हाळाच आहे. आणखी एक वीण झाली तर ही जगायची नाही."

काकूंनी दिव्याकडे पाहिलं. ज्या दिव्याच्या आधाराने आपण ते दिवस काढले, तोच नवऱ्याच्या लाडकीला खात होता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ठिपक्याला पकडलं, एकेक करून सगळे नर पलीकडे नेले, दिराकडून मधे फळी ठोकून घेतली. दिवा बंद केला. अंथरुणाची गुंडाळी काखेत मारून त्या खालच्या खोलीत आल्या आणि त्याच्या खाटेसमोर जमिनीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी मशीनही खाली आलं. ती थंडी त्यांनी कशी काढली हे त्यांचं त्यांना माहीत. शर्ट मात्र त्यांनी खुंटीवरून काढला नाही.

करडीने हळूहळू अंग धरलं. जुनी पिसं गळून जमिनीवर सडा पडला, मानेवर नवी चकाकी आली. ऊन पुन्हा रेंगाळू लागलं तेव्हा दीर आला आणि त्याने फळी काढली.

ठिपक्या गळा फुगवून, गोल गोल फिरत करडीसमोर गेला. तिने त्याला एक टोच मारली आणि पाठ फिरवून दाणे टिपू लागली. तो पुन्हा गेला, पुन्हा टोच खाल्ली. दीर चुकचुकला. म्हणाला, विसरली ही, हिच्यासाठी दुसरा जोडीदार बघावा लागणार.

"थांबा भाऊजी," काकू म्हणाल्या. "इतक्या दिवसांनी आलाय. थोडं ऐकून घेऊ दे त्याला." आणि त्यांना हसू आलं. "मी पण अशीच वागायचे. हे कामावरून यायचे आणि मी संध्याकाळपर्यंत बोलायचे नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि न मागता एकेक भांडं माझ्या हातात द्यायचे. झाकणं, डाव, जे सापडेल ते..."

त्या तिथेच, सांडलेल्या दाण्यांत बसल्या आणि मोठ्याने रडल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणासमोर. दिराला कबुतराचं दुखणं कळायचं, यातलं काही कळेना. तो फळी हातात धरून उभा राहिला.

ऊन वर आलं तेव्हा करडीने मान खाली घातली आणि ठिपक्या तिच्या गळ्याची पिसं चोचीने विंचरू लागला. काकू बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले.

"तुझा आला गं," त्या करडीला म्हणाल्या, आणि घरट्यासाठी काटक्या गोळा करायला उठल्या.