फुरशाची खरखर

थंडीत माझ्या टाचा फुटतात. आज दुपारी अंथरुणावर पडल्या पडल्या एक टाच दुसरीवर घासली गेली आणि त्या खरखरीसरशी मी थेट गगनबावड्याच्या कातळावर जाऊन उभी राहिले.

लग्नानंतरचा आमचा पहिला हिवाळा, नव्वदीतला. यांना सापांचं वेड. वाळक्या गवतात वेटोळं दिसलं. घोणस कुकरसारखी फुसकारते, एवढं यांनीच शिकवलेलं. हे काही फुसकारत नव्हतं, म्हणून मी बिनधास्त वाकले. यांनी मागून खस्सकन दंड धरला.

"हालू नगंस! फुरसं हाय त्ये. फुसकारत न्हाय, आपलंच अंग अंगावर घासतंय. ऐक की."

सुकं खोबरं किसावं तसा कोरडा, बारीक आवाज येत होता.

"काय म्हणतंय?" मी कुजबुजले.

"जवळ येऊ नगा म्हणतंय."

ते दगडाआड जाईपर्यंत आम्ही ऐकत उभे राहिलो. दंडावर वळ उठले म्हणून परतताना मी फुगून बसले होते. आता वाटतं, ते वळ राहायला हवे होते.

हे गेल्यापासून शाहूपुरीतल्या या फ्लॅटची बेल दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नाही. मघाशी टाच पुन्हा मुद्दाम घासून बघितली. त्या फुरशाचं ऐकायला निदान आम्ही दोघं तरी होतो.