शेवटच्या फटफटीचा मान

माझं लग्न ठरत होतं तेव्हा शिरूरमध्ये फटफट्या मोजक्याच होत्या, आणि त्यातल्या चार आमच्या गोतावळ्यात होत्या. आम्हाला त्याचा माज आहे असं लोक म्हणत. होताच.

पहिली फटफटी आबांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. वडील लवकर गेल्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. दुसरी मामांची. तिसरी दाजींची, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याची. चौथी चाचांची. चाचांचं नगर रस्त्याला गॅरेज होतं, त्यांचं आणि आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून उभं, आणि ईदचा शिरखुर्मा त्यांच्या पाहुण्यांच्या आधी आमच्याकडे यायचा. त्यांची फटफटी लष्कराच्या लिलावातली. तिला किक मारताना ते अल्लाचं नाव घ्यायचे आणि शेजारी उभे असलेले आबा खंडोबाचं. दोघांपैकी कुणाला तरी ऐकू जायचं आणि गाडी सुरू व्हायची. मला स्वतःची गाडी नव्हती. मी चाचांच्या मागे बसायचो.

चार गाड्या मिळून कुठे निघायचं म्हटलं की पहिला प्रश्न रस्त्याचा नसे, पेट्रोलचाही नसे. पुढे कोण, हा असे. आबा वयानं मोठे, म्हणून पुढे. मामा मुलाचे मामा, त्यांना डावलून कसं चालेल? दाजी तर जावई. जावयानं सासरच्या माणसांच्या मागून धूळ खात यायचं, हे त्यांच्या आईला कळलं असतं तर माझ्या बहिणीला दिवाळीला माहेरी पाठवलं नसतं. आणि धूळ खरंच होती. मागच्याच्या मिशा पांढऱ्या होत. शेवटी यावर आमच्या लोकांनी तोडगा काढला होता. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. चौघे एका ओळीत, हँडलला हँडल लावून. लग्नाच्या पंगतीत पाट मांडतात तसे. अख्खा रस्ता भरून जायचा, पण कुणाचा अपमान होत नसे.

दौंडला माझी मावशी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिच्या शेजारच्या गार्डसाहेबांची मुलगी मी तिच्याकडे दोन-तीनदा पाहिली होती. एकदा मी पाणी मागितलं तर तिनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "भांडं तिथंच हाय, हाताशी." मला ती फार आवडली. मी शिरूरला येऊन आईला सांगितलं, आईनं मावशीला कळवलं, आणि स्थळाची बोलणी सुरू झाली. गार्डसाहेब तेवढे कधी भेटले नव्हते. मी जाई तेव्हा ते मालगाडीवर असत.

पुढे एका बाजाराच्या दिवशी आम्ही चार गाड्या घेऊन मावशीच्या नातवाच्या बारशाला निघालो. न्हावऱ्यावरून सोलापूर रस्त्याला लागलो आणि पुढच्या गावाच्या अलीकडे मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी दाजींकडे. बाजूला होणार कोण? जो होईल तो मागे पडणार. म्हणून कुणीच झालं नाही. एसटी बिचारी गाव येईपर्यंत आमच्या मागून चालली. शेवटी रस्ता रुंद झाला तिथे ती पुढे गेली, तेव्हा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "रस्ता काय आंदण मिळालाय व्हय?" त्याच्या मागच्या खिडकीत काळ्या टोपीवाले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चौघांकडे एकेक करून नीट पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दाजींनी त्यांना हात हलवून दाखवला.

ते गार्डसाहेब होते, हे मागाहून कळलं. माझी चौकशी करायला गुपचूप शिरूरला येऊन परत चालले होते.

चार दिवसांनी मावशी स्वतः शिरूरला आली. गार्डसाहेबांचा निरोप असा होता की मुलाबद्दल गावात कुणी वाईट बोललं नाही, पण ज्या घरात चार माणसांना एकामागे एक जाता येत नाही, त्या घरात मुलगी द्यायची नाही. भांडगावचं एक बागायतदार स्थळ सांगून आलंय, तिकडे होकार कळवणार. मावशीनं त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. तेव्हा त्यांनी एक सवलत दिली. येत्या रविवारी त्यांची सुट्टी होती. ते दौंडच्या बाहेर रेल्वे फाटकापाशी उभे राहणार होते. आम्ही याच चार फटफट्यांवर यायचं, रांगेनं यायचं. रांग दिसली तर पुढची बोलणी, नाहीतर राम राम.

मी रात्रभर तळमळलो, असं लिहायला आज लाज वाटत नाही. मला तीच हवी होती. आणि तिचं माझं होणं या तीन मानकऱ्यांच्या हातात होतं.

सकाळी मी आबांना एकट्यात गाठलं आणि म्हणालो, "आबा, रेल्वेत सगळ्यात मोठा मान शेवटच्या डब्याचा असतो. तिथं गार्ड बसतो. त्यानं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय इंजिन हलत नाही. गार्डसाहेब बघतील तर शेवटच्या माणसाकडंच बघतील." आबांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, काम झालं. पण आबांच्या पोटात काही राहत नसे. रविवारी सकाळी अंगणात गाड्या लागल्या तेव्हा शेवटच्या मानाची बातमी सगळ्यांना होती.

"व्हा पुढं, आबा," मामा म्हणाले.

"न्हाई, तुम्ही व्हा. मी हाय मागं."

"दाजी, तुम्ही जावई. तुम्ही व्हा पुढं."

दाजी गाडीवरून उतरले आणि निवांत तंबाखू मळायला लागले. आजवर पुढे जाण्यासाठी भांडलेली माणसं आता मागे राहण्यासाठी भांडत होती. गाड्या नुसत्या फटफटत होत्या, पेट्रोल जळत होतं, आणि तिकडे दौंडच्या फाटकावर माझा सासरा, म्हणजे होणारा किंवा न होणारा, उन्हात उभा राहणार होता.

चाचा हँडलवर कोपर टेकून हे सगळं बघत होते. मला हळूच म्हणाले, "आरं, एकाला मान दिलास आन् दोघांना उपाशी ठेवलंस. पंगत बसंल कशी?"

मग मी सगळ्यांनाच वाढलं. मामांना म्हटलं, तुम्ही इंजिन, तुमच्याशिवाय गाडी निघतच नाही. दाजींना म्हटलं, तुम्ही दुसरे, तो पहिल्या वर्गाचा डबा, साहेबलोकांचा. आबा शेवटचे, गार्ड. आणि आमचं काय, असं चाचांनी विचारलं. "आपण मालाचा डबा," मी म्हणालो. "माल मीच." चाचा खो खो हसले. आईनं आबांना झेंडी म्हणून घरातला हिरवा खण दिला. लाल झेंडीला दाजींचा मफलर काढून घेतला.

मग नियम सांगितले ते चाचांनी. त्यांच्या गॅरेजात मोडक्या गाड्यांबरोबर मोडकी माणसंही यायची, त्यामुळे ते सांगताना हसले नाहीत. दोन गाड्यांच्या मधे बैलगाडी वळंल एवढी जागा सोडायची, म्हणजे धूळपण खाली बसती. खड्डा दिसला की पुढच्यानं हात वर करायचा, मागच्यानं तो आपल्या मागच्याला दाखवायचा. मागचा आरशात दिसंना झाला तर थांबायचं. "आन् एसटी आली तर तिला वाट द्यायची," ते म्हणाले. "ती काय आपली सोयरीक न्हाई रुसायला."

आबांनी हिरवा खण फडकवला आणि आमची गाडी सुटली.

खरं सांगतो, इतका सुंदर प्रवास आम्ही कधी केला नव्हता. धूळ नाही, भांडण नाही. मामांचा हात वर गेला की दाजींचा जायचा, दाजींचा गेला की चाचांचा, आणि मी वळून बघे तर मागे आबा, पाठ ताठ, मांडीखाली खण दाबलेला. सोलापूर रस्त्यावर मामांना एका लॉरीच्या पुढे काढायची सुरसुरी आली, तेव्हा आबांनी मफलर असा काही हलवला की मामाच काय, लॉरीवालाही थांबला. दौंडचं फाटक आलं तेव्हा ते बंद होतं. आम्ही एकामागे एक उभे राहिलो. पलीकडे सायकल धरून काळी टोपी उभी होती. मधून एक मालगाडी गेली, लांबच लांब. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत मी डबे मोजत राहिलो.

फाटक उघडलं. गार्डसाहेबांनी मामांपासून आबांपर्यंत रांग पाहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाले, "चला घराकडं. रस्ता सरळ हाय. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येतो."

आबा म्हणाले, "न्हाई, तुम्ही व्हा. शेवटी मी."

"मी गार्ड हाय. उभ्या जन्मात कवा पुढं चाललो न्हाई."

"आज गार्ड मी हाय," आबा म्हणाले आणि हिरवा खण काढून दाखवला.

मामा, दाजी आणि आम्ही पुढे निघालो. मी वळून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. गार्डसाहेब सायकल सावकाश करून आबांच्या मागे जायला बघत होते. आबा फटफटी पहिल्या गिअरमध्ये घालून, दोन्ही पाय जमिनीला घासत, त्यांच्या मागे राहायला बघत होते. दोघांनाही ते जमेना, आणि दोघंही हटेनात. शेवटी झालं असं की सायकल आणि फटफटी हँडलला हँडल लावून चालू लागल्या. त्यांच्या मागे उसाची गाडी अडली, तिच्या मागे टांगा, आणि टांग्याच्या मागे एसटी. क्वार्टरच्या दारापर्यंत ही वरात तशीच आली. ती, गार्डसाहेबांची मुलगी, दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

एसटी शेजारून जाताना ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि म्हणाला, "रस्ता काय आंदण मिळालाय व्हय?"

गार्डसाहेबांनी सायकल भिंतीला लावली. टोपी काढली, घाम पुसला. आबांकडे पाहिलं. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला गार्डसाहेबांना आता तोंड उरलं नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं.

"आत या," ते म्हणाले. "सुपारी आजच फोडू."

मग दारात पुन्हा दोघं थांबले, आत आधी कोण जाणार म्हणून.

लग्नानंतर मी तिला विचारलं, त्या दिवशी तुला धाकधूक नव्हती का? ती म्हणाली, "होती की. पण बाबा सायकल सोडंनात आन् तुमचं आबा फटफटी सोडंनात, तवा म्हणलं, दोन्हीकडं माणसं सारखीच हायेत. आता पळून जाऊन उपेग न्हाई."