हात मांडीखाली ठेवून बसा

सुमेधा सोळा वर्षांची झाली आणि घराबाहेर तिचं बोलणं समजणारं एकही माणूस नाही. उद्या मी नसले तर माझी पोर कुणाशी बोलेल, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

ती जन्मापासून बहिरी. लहानपणी एका तज्ज्ञाने बजावलं होतं, खुणा करू देऊ नका, नाहीतर तोंडाने बोलणार नाही. आम्ही ऐकलं. परतूरच्या साध्या शाळेत घातलं. तिथे दहा वर्षं ती फळ्यावरचं उतरवत बसली. तोंडाने बोलली नाहीच. घरात मात्र तिने आपल्या खुणा आपणच बनवल्या. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत जाणारा बाप म्हणजे खांद्याला अडकवलेला डबा. आजी म्हणजे तंबाखू चोळणारा अंगठा. काल म्हणजे खांद्यावरून मागे फेकलेली मूठ. शेळीने रेशनकार्ड कसं खाल्लं हे ती सांगते तेव्हा आजीला हसून ठसका लागतो.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यापीठातून भाषेचे अभ्यासक आले, अवधूत सर आणि यशश्री मॅडम. कुणी न शिकवता मुलीने भाषा रचली, याचं त्यांना केवढं अप्रूप! सर म्हणायचे, भाषा माणूस जन्मतःच घेऊन येतो, ही त्याचा पुरावा. मॅडम म्हणायच्या, छे, भाषा माणसामाणसांत घडते. आई-आजी उत्तर देत गेल्या म्हणून ही घडली. आमच्याच बैठकीत, आमचाच चहा पीत, तासभर वाद.

माझ्या सासूबाई पोह्यांची ताटली पुढे करत म्हणाल्या, "येवढे शिकले, अन् भाषा कुठून येती त्येच म्हाईत न्हाई?"

दोघंही हसले. मीही हसले. बी.ए.ला मी भाषाविज्ञानाचा एक पेपर दिला होता; तो विषय माझ्या घरात आला म्हणून मला अभिमानच वाटला होता.

मग एक दिवस सरांनी मला सुमेधासमोर बसवलं. "ताई, हात मांडीखाली ठेवून बसा. मानसुद्धा हलवू नका. उत्तर मिळालं नाही तर ती काय करते ते बघायचंय." कॅमेरा सुरू झाला. सुमेधा बाजारातलं काहीतरी सांगू लागली. मी दगडासारखी. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, हात मोठे करून. मग थांबली, उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

"वा, छान!" सर म्हणाले.

काय छान होतं त्यात? आणि मी तरी हात का काढले नाहीत?

यंदा मे महिन्यात जालन्याला एका लग्नात सुमेधाला दोन बहिऱ्या मुली दिसल्या. सांकेतिक भाषेत भरभर बोलत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. सुमेधाला एकही खूण कळत नव्हती, पण ती तिथून हलेना. त्या जिथे शिकल्या तो वर्ग जालन्यातच आहे. शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम स्वतः बहिऱ्या. तेव्हापासून सुमेधा रोज त्या मुलींसारखी बोटं नाचवते आणि दाराकडे दाखवते.

नवा वर्ग सोमवारी सुरू होतोय. आणि आज सरांचा फोन आला: दिवाळीनंतर दुसरं चित्रीकरण आहे, तोवर तिला तिथे पाठवू नका. ती भाषा शिकली की तिच्या स्वतःच्या खुणा शुद्ध राहणार नाहीत. शुद्ध! पोर आहे की बरणीतलं तूप? आणि माझे यजमान राजानंद "बरं सर" म्हणून मोकळे झाले.

"अगं, मोठे लोक हायेत. पाच-सहा महिन्यांत काय बिघडून राह्यलंय?"

"सहा महिने तुमच्याशी कुणी बोलायचं न्हाई म्हणलं तर?"

"मी शब्द देऊन बसलो ना."

"शब्द तुमचा अन् गप्प बसायचं तिनं. बराबर हाय!"

ते कूस बदलून झोपले. चित्रीकरणाच्या परवानगीच्या कागदावर सही त्यांचीच आहे. सुमेधाला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

भाषा पोटातून येते की माणसांतून, ते सर-मॅडमनी खुशाल शोधावं, पन्नास वर्षं भांडावं. माझ्या मुलीला माणसांपासून लांब ठेवून शोधायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

रात्रीचा एक वाजलाय. सकाळी राजानंद गाडीला निघायच्या आधी, त्यांच्यादेखत, मी सरांना फोन लावणार आहे. सुमेधा सोमवारी वर्गात बसणार, एवढंच सांगणार. दिवाळीनंतर यायचं असेल तर तिला विचारून या.