एका दगडाजवळची माझी जागा

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचता येतं, सही करता येते, आणि बसवरची पाटी वाचायची आपल्याला गरज नाही असंही वाटतं. या तिसऱ्या गोष्टीने माझा घात केला.

ठाण्यात आमच्या बाळकुमची बस जिथे लागते तिथे एक बस उभी होती. मी चढले, खिडकी मिळाली, खूश झाले. कळव्याचा पूल लागला तेव्हाच मला कळलं की ही आपली बस नव्हे. तेव्हाच उठून विचारलं असतं तर पुढच्या थांब्यावर उतरता आलं असतं. पण विचारलं तर बसमधली माणसं म्हणतील, म्हातारी चुकली. म्हणून मी जणू तिकडेच जायचंय असं तोंड करून बसले. मुंब्रा गेलं, शीळ गेलं, मी बसलेलीच. शेवटी डोंबिवलीच्या मानपाड्याला कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा आता. याच्यापुढे बस जात नाही."

पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून त्यानेच माझ्या मुलाला फोन लावला. मुलगा ऑफिसातून गाडी घेऊन आला. घरी आल्यावर त्याने खाली जाऊन वॉचमनला सांगितलं, "आईला एकटीला गेटच्या बाहेर सोडायचं नाही. आधी वर फोन करायचा."

ज्या बाळकुममध्ये माझ्या सासऱ्याचा भाजीचा मळा होता, तिथेच आता आमचा बावीस मजली टॉवर आहे. त्या मळ्यातून मी वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जायची. आता कोथिंबीर आणायला निघाले तरी बिहारचा वॉचमन हात जोडून म्हणायचा, "माताजी, उपर फोन करता हूं." दोन महिने हे चाललं. मी त्याच्याशी भांडले, मग बोलणं सोडलं, मग त्याला लाडू दिला. त्याने लाडू खाल्ला आणि वर फोन केला.

माझी सून शाळेत शिक्षिका आहे. ती बोलते कमी, आणि जे बोलते ते फळ्यावर लिहिल्यासारखं. एक दिवस ती म्हणाली, "आई, रविवारी जुनं ठाणं पायी दाखवणार आहेत. इंग्रजांच्या वेळचं वगैरे. आपल्या बिल्डिंगमधले चौघं जाताहेत, मीही जातेय. तुम्ही या. तीन तास माझ्या नजरेसमोर राहिलात, न चुकता चाललात, तर वॉचमनला मी सांगते. ह्यांनाही मीच सांगते."

"ठाणं मला दाखवणार?" मी म्हटलं. "तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन त्याच ठाण्यात भाजी विकली मी."

"मग सोपंच आहे," ती म्हणाली.

तिने मला पळायचे बूट आणले. सहावारी साडीखाली पांढरे बूट, त्यांना हिरवी नाडी. चालताना ते चुकचुकायचे. लिफ्टमध्ये एकजण म्हणाला, "आजी, मॅरेथॉन का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या बायकोला हरवायचंय." उगाच बोलले. ती बाई चौघांतली एक निघाली आणि सबंध वाटभर माझ्यापुढे चालली.

मासुंदा तलावाजवळ आम्ही पंचवीसेक माणसं जमलो. दाखवणारा म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, डोक्यावर टोपी, गळ्यात छोटा स्पीकर. मला बघून म्हणाला, "वा! आजीसुद्धा आल्यात!" तो स्वतः काही कमी आजोबा नव्हता.

माणूस हुशार होता. आधी पोर्तुगीज आले, मग मराठे, मग इंग्रज, सगळं त्याला क्रमाने पाठ. माझं ठाणं वेगळ्या क्रमाने होतं. तो म्हणाला, "ही कलेक्टर कचेरी." मी सुनेला म्हटलं, "इथला शिपाई अळू घ्यायचा, देठं आधी काढून टाकायला लावायचा." तो म्हणाला, "हे इंग्रजांचं चर्च." मी म्हटलं, "इथली सिस्टर कधी घासाघीस करायची नाही, म्हणून तिला मी जुडी मोठी द्यायची." पुढे जेलजवळ आलो. "हे जेल म्हणजे मूळचा किल्ला," तो म्हणाला. हे मला खरोखर माहीत नव्हतं. माझा एक चुलतदीर तिथे दोन दिवस राहून आला होता, त्यानेही कधी किल्ला बघितल्याचं सांगितलं नाही.

सून म्हणाली, "आई, हळू बोला, लोकांना ऐकायचंय."

खरं सांगायचं तर मी बोलत होते ते गुडघ्यासाठी. तोंड चालू असलं की गुडघ्याचा आवाज कमी येतो. पण जेलच्या भिंतीजवळ त्या गृहस्थाने बुरूज, खंदक, तोफा काढल्या आणि आता अर्धा तास तरी हलत नाही असं दिसलं. बसायला कुठे जागा नाही. पूर्वी या रस्त्याला ओटेच ओटे होते. मी ते मनात मोजूनच घरून निघाले होते, दर दोन वळणांना एक ओटा. आता तिथे सगळीकडे स्कूटरी.

तेवढ्यात तो म्हणाला, "इथून आपण बाजाराच्या रस्त्याने जाऊ. शेवटी एक गंमत दाखवणार आहे." तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मागच्या गल्लीतून बाजार पाच मिनिटांवर आहे. आपण पुढे जाऊन निवांत बसू. ही मंडळी धापा टाकत येतील तेव्हा म्हणू, आलात का? सून दुसरीकडे बघत होती. मी सटकले.

गल्ली होती. गल्लीच्या टोकाची विहीर नव्हती. विहिरीवरून डावीकडे वळायचं हे मला झोपेत माहीत आहे, पण विहीरच नसेल तर कुठून वळायचं? तिथे एक बिल्डिंग उभी. मी अंदाजाने वळले तर पुढे भिंत, आणि भिंतीला ताजा चुना. परत फिरताना खांदा घासला.

एका दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "आजी, कोणाकडे?"

"तुझ्याकडे नाही," मी म्हटलं आणि ताठ मानेने पुढे गेले. पुढून फिरून पुन्हा तिच्याच दारावरून गेले. मी जणू फेऱ्या मारायलाच आले आहे असे हात हलवत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिने दाराबाहेर स्टूल आणून ठेवलं होतं.

मी स्टुलाकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "बाजार त्या बाजूला, आजी."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि त्या बाजूला गेले.

गल्ली संपली आणि समोर माझा दगड. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट, रस्त्याच्या कडेला अर्धा जमिनीत. आजूबाजूचं सगळं बदललं, दगड तिथेच. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी पोतं पसरून बसत होते. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा होता. तो म्हणाला, "मावशी, इधर मत बैठो, धंदे का टाइम है." मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधी माझा धंदा इथे होता," आणि दगडावर बसले. असं बरं वाटलं की काय सांगू.

थोड्या वेळाने स्पीकरचा आवाज आला. पुढे तो गृहस्थ, मागे सगळे, आणि सगळ्यांच्या मागे फोन कानाला लावून माझी सून. चेहरा पांढराफटक. मला बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "सापडल्या. हो. हो, बरोबर आहे तुमचं. नाही, आता त्यांना एकटं सोडणार नाहीच. मी नंतर करते."

म्हणजे माझा निकाल लागला होता.

"आई, सांगून जायला काय झालं होतं?"

मी तोंड उघडणार तोच तो गृहस्थ म्हणाला, "आजी, जरा उठता का? आपण तोच दगड बघायला आलोय."

मी उठले. त्याने दगडाच्या पुढच्या बाजूवर टॉर्च मारला, दिवसाउजेडी. म्हणाला, "मंडळी, हा इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगड. मुंबईपासून किती मैल ते यावर कोरलेलं होतं. नीट बघा, वरची अक्षरं थोडी दिसतात, पण खालचा आकडा गेलाय. इथे बघा, कशी तिरकी झीज झालीय. ऊन, पाऊस, वारा! काळाच्या ओघात पुसला गेला आकडा. आज तो कोणालाच सांगता येत नाही."

लोकांनी फोटो काढले. लिफ्टमधल्या त्या माणसाची बायको हात लावून म्हणाली, "किती गुळगुळीत!"

मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. पण गप्प राहिले तर मी चुकलेली म्हातारी, आणि आयुष्यभर वॉचमनचे पाय धरायचे. ही माझीच जागा आहे आणि इथे मी डोळे मिटून येऊ शकते, हे दाखवायला माझ्याकडे एकच पुरावा होता. तो लाज वाटण्यासारखा होता.

"ऊन-पाऊस नाही," मी म्हटलं. "ते मी केलंय."

"काय केलंय?"

"झिजवलाय. कोयत्याला धार लावायची मी त्याच्यावर. सुरण आणि लाल भोपळा कापायला कोयता लागतो. रोज सकाळी पाणी मारायचं आणि घासायचं. मी उजव्या हाताने घासायची, म्हणून झीज तिरकी आहे. मागे हात घाला, खाली खोबण आहे. तिथे मी पोत्याची दोरी अडकवायची."

गृहस्थाने हात घातला. खोबण होती. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आईवर कोयता चालवला.

"आजी, अहो, हा वारसा आहे!"

"तेव्हा नव्हता. तेव्हा दगड होता."

कोणीतरी हसलं. मोबाइलवाला सगळ्यात मोठ्याने हसला. लिफ्टवाल्याची बायको म्हणाली, "आजी, थोडं हळू घासायचं होतंत, आकडा तरी राहिला असता." तिचं बरोबर होतं.

मग त्या गृहस्थाने टोपी काढली, वही काढली आणि एकदम मऊ आवाजात विचारलं, "आकडा कसा होता, आठवतो का? तुम्ही घासायच्या आधी?"

"आपल्यासारखा आकडा नव्हता. दोन फुल्या होत्या, शेजारी शेजारी. आणि पुढे काठी."

"रोमन!" तो ओरडलाच. "दोन फुल्या म्हणजे वीस! काठ्या किती? एक की दोन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सूनही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पंचवीस माणसं बघत होती, त्यातलं एक वही घेऊन. एक म्हटलं असतं तर त्याने एक लिहिलं असतं. दोन म्हटलं असतं तर दोन. आठवणारी आजी म्हणून माझं नाव झालं असतं आणि गेटही उघडलं असतं. पण मला खरंच आठवत नव्हतं. काठीच्या बाजूनेच मी धार लावायला सुरुवात केली होती, ती पहिल्याच वर्षी गेली.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "काठी होती एवढं खरं. किती ते कोयत्याला माहीत."

त्याने वही मिटली नाही. काहीतरी लिहिलं आणि त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मग मला नमस्कार केला. रागाने की आदराने, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. माजिवड्याला सून म्हणाली, "तुम्ही गल्लीतून सरळ तिथे आलात?"

"सरळ."

"एकदाही चुकला नाहीत?"

"माझी जागा आहे ती. चुकेन कशी?"

तिने माझ्या खांद्याकडे बघितलं. साडीला वीतभर चुना लागला होता. तिने रुमाल काढून चुना झटकला, निघेना. मग रुमाल ओला करून पुसला. मी बाहेर बघत राहिले.

तिचा फोन वाजला. मुलाचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. "काय ग, हरवली होती ना आई? शेवटी तेच झालं ना?"

सुनेने रुमालावरचा चुना बघितला. "नाही," ती म्हणाली. "हरवल्या नव्हत्या. बसल्या होत्या. मलाच दिसल्या नाहीत. वॉचमनला मी सांगतेय."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आई, तोंड आहे ना तुम्हाला? मग रस्ता विचारायला वापरा."

दुसऱ्या दिवशी मी एकटी ठाण्यात गेले. वॉचमनने सलाम ठोकला, मी बघितलं नाही. काम काहीच नव्हतं. मेथीची एक जुडी घेतली आणि परत बसच्या थांब्यावर आले. बस उभी होती. पाटी वाचली. बाळकुम, हातभर अक्षरात. तरी पायरीवर पाय ठेवून मोठ्याने विचारलं, "ही बाळकुमला जाते का हो?"

"मावशी, एवढं मोठं लिहिलंय की!" कंडक्टर म्हणाला. पुढच्या सीटवरच्या दोघी हसल्या.

"लिहिलंय ते वाचलं," मी म्हटलं. "जाते का ते विचारतेय."

जाते म्हणाला. मी खिडकी बघून बसले. पूल लागला नाही.