पेच ढिला ठेवायचा

आमची पोस्ट एकोणीस हजार फुटांवर होती. सहा माणसं, दोन तंबू, एक ऑक्सिजन सिलिंडर. मी नाईक होतो आणि सिलिंडर माझ्या ताब्यात होता. पोस्ट कमांडर हवालदार सलीम शेख राळेगावचे, मी लोहाऱ्याचा. पलटणीत यवतमाळचे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना सलीमभाई म्हणायचो.

सिलिंडरच्या तोंडावरचा रेग्युलेटर त्यांनीच मला समजावला. त्यांच्या घरी वेल्डिंगचा धंदा होता. सिलिंडरमध्ये १५० बार दाब, म्हणजे मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या साठ-सत्तर पट. तो माणसाला सोसत नाही. रेग्युलेटरच्या आत रबरी पडदा असतो. वरून स्प्रिंग तो दाबते, तेव्हा आतली झडप उघडून वायू येतो. आलेला वायू पडद्याला उलट ढकलतो. दोन्ही जोर सारखे झाले की झडप मिटते. वायू खर्च झाला की पुन्हा उघडते. स्प्रिंग किती दाबायची ते वरचा पेच ठरवतो.

"हा नळ नाही," ते म्हणाले. "नळ आवळला का बंद होते. हा आवळला का चालू होते. ध्यानात राहीन?"

"राहीन."

"तुह्या डोक्याचा पेच ढिला हाये, म्हणून पुसलं."

रोज सकाळी सहाला मी सिलिंडर उघडून दाब नोंदवायचो, बंद करायचो आणि पेच ढिला करून ठेवायचो. अकरा दिवस बरोबर केलं. बाराव्या दिवशी बोटं गारठली होती. मी पेच आवळला. घरी नळ बंद करतात तसा.

त्याच दुपारी १४:१० वाजता सलीमभाईंना श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं.

"कंट्रोल, एक पेशंट. ओठ निळे. ओव्हर."

"ऑक्सिजन लावा. हेलिकॉप्टर १५:३०. ओव्हर."

मी सिलिंडर उघडला. पेच आधी पाहिला नाही. स्प्रिंग पूर्ण दाबलेली, आतली झडप सताड उघडी. सगळा धक्का पडद्यावर बसला आणि तो फाटला. पेचाजवळच्या भोकातून वायू बाहेर जाऊ लागला, मास्कपर्यंत पोचेना. दुसरा रेग्युलेटर खालच्या पोस्टवर होता, चार तासांच्या वाटेवर.

सलीमभाईंनी पेचाकडे पाहिलं.

"आवळला होता?"

"हो."

"नळ समजला लेका."

ते १५:०५ ला गेले. हेलिकॉप्टर १५:३० ला, वेळेवर आलं.

चौकशीत मी हेच सांगितलं, वेळांसकट. रजेवर आल्यावर त्यांचा धाकटा भाऊ युसूफ याला राळेगावच्या वेल्डिंगच्या दुकानात सांगितलं. तो बराच वेळ हातातली पकड पुसत राहिला.

"हे सांगाले दुसरं कोणी आलं असतं तं बरं झालं असतं," तो म्हणाला. मग त्यानं चहा मागवला.

आता मी निवृत्त आहे. महिन्यातून एकदा राळेगावला जातो. दुकान बंद करताना युसूफ रेग्युलेटर काढून माझ्यापुढे धरतो.

"पाहा, भाऊ."

मी पेच बोटानं फिरवून पाहतो. तो ढिलाच असतो. सलीमभाईंनी त्यालाही शिकवलं होतं.