सुआची ओटी

ये वं पुष्पे, फोन कानाशी नीट धर अशी. आधी तुले रागावते, मग सांगते. कंबर धरली म्हणून इतके महिने खाटेवर पडून राहिली, अन् सख्ख्या मावशीले कळवलं नाही? दुखणं काय असते, ते मले ठाऊक नाही का?

माझीही कंबर अशीच धरली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायसारखं काही नाही, पण दुखणं जुनं आहे, हळूहळू हालचाल ठेवा. मले तर वाकायची अशी भीती बसली की खाली पडलेल्या चमच्याकडे नुसती पाहत राहायची. सून भली पोरगी. "मम्मी, आप बैठो, मैं हूँ ना," म्हणून हातातलं काम काढून घ्यायची. असं करता करता अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावणंही तिच्याकडे गेलं. मी खुर्चीतून हात जोडायची. मनात म्हणायची, माय, तुझ्या पायाशी डोकं टेकवत नाही, तर मले ठेवलं कशाले? पुढे पुढे हात जोडणंही सुटलं. खरं सांगते, माझा विश्वासच उठून राहिला होता.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी सुआ नाचणाऱ्या बाया दारी आल्या. तुमच्या नागपूरले हे नाही. इकडे बाया टोपलीत धान भरून त्यावर मातीचे पोपट ठेवतात, तेच सुआ. टोपली अंगणात मधोमध ठेवायची अन् भोवती वाकून, टाळ्या वाजवत, गात फिरायचं, गौरा-गौरीच्या, म्हणजे महादेव-पार्वतीच्या लग्नासाठी. तुझी आई अन् मी लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणायचो ना, तीच ही पार्वती.

सून बूढापाऱ्याच्या बाजारात सामानाले गेली होती. रीत म्हणजे टोपलीत तांदूळ द्यायचे. पण मी पडली आपल्या वळणाची! गौर दारी आली म्हणून सुपात तांदूळ, नारळ, खण, कुंकू घेऊन निघाली. बाया हसू लागल्या. इकडे मायले दाई म्हणतात. "सुआ के ओली भरबे का, दाई?"

"हव, ओटी भरते," मी म्हटलं, "पर मेरे से झुकना नहीं होता. टोकरी जरा ऊपर उठा दो."

पुढे नाचणारी बाई माझ्याच वयाची, गुडघ्याले पट्टा बांधलेला. तिनं मान हलवली. नाच पुरा होईस्तोवर टोपली उठत नाही. सूप ओट्यावर ठेवून तिनं माझा हात धरला अन् घेऱ्यात आणलं. मी म्हटलं, "दीदी, बहुत दर्द है."

"पीरा त मोरो हे, दाई. ओहू ला संग म नचा लेथन."

तिलेही दुखत होतं, अन् त्या दुखण्यालेही ती सोबत नाचवून राहिली होती! मी आधी नुसत्या टाळ्या वाजवल्या. मग बाजूची झुकली की मीही जराशी झुकायची. कळ उठली की श्वास अडायचा, पण गाणं थांबत नव्हतं, मग पाऊलही थांबत नव्हतं. गाणं सरलं, कोणीतरी सूप हातात दिलं, अन् मी ओटी भरली. सरळ उभी राहून पाहते तर खालच्या सुआच्या कपाळी माझ्या बोटाचं कुंकू! मी वाकली होती, पुष्पे. मग मले रडू आवरलं नाही. ती बाई कोणत्या पाऱ्याची, कोणत्या वस्तीची, तेही विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कंबर चांगलीच ठणकली, खोटं कशाले बोलू. दुखणं आजही आहे, गोळीही आहे. पण भीती गेली. आता संध्याकाळी शेजारच्या बाया माझ्या अंगणात जमतात, टाळ्या देत घेरा धरतात. जिले जेवढं जमते तेवढंच. तुळशीपाशी दिवा मी लावते. जास्त दुखलं त्या दिवशी सुनेचा खांदा धरते, त्याचीही आता लाज वाटत नाही. मी देवीले म्हणत होती, दुखणं घे, मग तुझ्यापाशी येते. तिनं मले दुखण्यासकट बोलावलं. तिचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून म्हणते, बरं वाटल्यावर येईन, असं म्हणू नको. दुखते तशीच ये, गाडीत आडवी होऊन ये. घेऱ्यात माझ्या बाजूची जागा सोडून ठेवते. लवकर ये, बाई.