बाहेरचा रेडा

आरे कॉलनीतल्या युनिट नंबर सातमध्ये, म्हशींच्या तबेल्यात, धोंडू घाडीगावकरांची चौतीस वर्षं गेली. कुठल्या म्हशीला कुठला रेडा लावायचा, हे मालकसुद्धा त्यांनाच विचारायचे.

त्यांची नात अबोली इंजिनीअरिंगला होती. जंगलातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या अंधुक फोटोंत बिबट्याचे ठिपके स्पष्ट करायचे, हा तिचा प्रोजेक्ट. तिचा प्रोग्राम फोटो उजळायची शेकडो सेटिंग्ज करून बघायचा, चांगली तेवढी ठेवायचा आणि त्यांच्या जोड्या लावून पुढची पिढी काढायचा. पण काही पिढ्यांतच सगळी सेटिंग्ज एकसारखी झाली आणि फोटो होते तसेच राहिले.

"वाट लागली, आजोबा," म्हणत तिने त्यांना सगळं समजावलं.

"घरच्या घरात जोड्या लावत बसलीस तर दुसरं काय होणार गो? बाहेरचा रेडा आण."

अबोलीने दर पिढीत थोडी अगदी नवी, कुठलीही सेटिंग्ज सोडली. आठवड्याभरात बिबट्याचा ठिपका न् ठिपका मोजता येऊ लागला.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी ती आजोबांना अंधेरीच्या कॉलेजात घेऊन गेली आणि परीक्षकांना म्हणाली, "ही युक्ती यांची."

परीक्षकांनी अदबीने विचारलं, "आपलं शिक्षण कुठे झालं?"

धोंडू उठले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "आरे, युनिट नंबर सात."